चार स्क्रूंच्या आड

दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी नेकचे चार स्क्रू काढून टेबलावर ओळीने मांडले, नेक खाचेतून अलगद सोडवला आणि काही वेळ ते काहीच बोलले नाहीत. पिकगार्ड आधीच बाजूला काढलेला होता. मग त्यांनी बॅटरीचा झोत बॉडीवरच्या एका बारीक भोकावर धरला. भोक आतपर्यंत रंगाने भरलेले होते.

फेंडर या गिटार आणि बास बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात 1964 च्या सुमारापर्यंत बॉडीत छोटे खिळे ठोकत, त्या खिळ्यांवर ती टेकवून रंगवत आणि वाळवत. रंग सुकला की खिळे उपटत. त्यामुळे मूळ रंगाच्या बॉडीवर या भोकांच्या आत कोरे लाकूड दिसते. भोकात रंग उतरलेला असेल, तर तो रंग खिळे निघाल्यानंतर कधीतरी, बहुधा दुसऱ्याच कुणीतरी मारलेला असतो.

ही 2014 च्या मार्चमधली गोष्ट, न्यू जर्सीतल्या एका तळघरातल्या कारखान्यातली. टेबलावर उघडून पडलेला प्रिसिजन बास दोनच महिन्यांपूर्वी "1964 चा, सगळे मूळचे" असे सांगून विकला गेला होता. किंमत साडेसात हजार डॉलर. विकत घेणारा म्हणजे या ओळी लिहिणारा. दादरला वाढलेला, नोकरीनिमित्त तिकडे स्थिरावलेला आणि मराठी मंडळाच्या वाद्यवृंदात पंधरा वर्षे बास वाजवणारा. आठ वर्षांची शिल्लक त्याने त्या एका वाद्यात घातली होती.

त्या दिवशी आणखी तीन गोष्टी उघड झाल्या. आवाज कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्यूमच्या पॉटवरचा आकडा 137 ने सुरू होत होता आणि पुढे 78 होते, म्हणजे सीटीएस कंपनीचा 1978 सालचा पॉट. फ्रेट बदलताना फिंगरबोर्ड इतका घासला होता की शिसवीचा थर कडेला कागदासारखा पातळ झाला होता. आणि नेक सरळ राखणाऱ्या ट्रस रॉडचा नट शेवटपर्यंत आवळलेला होता. नेक पुन्हा वाकला, तर तो सरळ करायला आता एक वळणही शिल्लक नव्हते.

बास खोटा नव्हता. नेकच्या टाचेवरचा 1964 चा शिक्का खरा होता, लाकूड खरे होते, पिकअपही त्याच काळातला होता. पण "सगळे मूळचे" हे खरे नव्हते, आणि जुन्या फेंडरच्या बाजारात या दोन शब्दांचीच किंमत मोजली जाते. नुसता रंग पुन्हा मारलेला असला तरी भाव जवळपास निम्म्यावर येतो, असा व्यापाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे.

चूक दुकानात झाली होती, आणि ती ऐकण्याची चूक होती. बाहेर बर्फ, आत उबदार दिवे. जुना बास व्हॉल्व्हच्या मोठ्या ॲम्पला जोडलेला. त्यावर वापरून मऊ झालेल्या फ्लॅटवाउंड (चपट्या वेष्टणाच्या) तारा, तारांची उंची अगदी बोटाजोगी बसवलेली. तुलनेसाठी 1963 च्या आराखड्यावर कंपनीनेच पुन्हा काढलेला नवा बास, म्हणजे रीइश्यू, भिंतीवरून काढून दिला गेला. त्यावर कोऱ्या राउंडवाउंड (गोल वेष्टणाच्या) तारा, उंची कुणी न बसवलेली, आणि जोडलेला शेजारच्या लहान ॲम्पला. त्याची किंमत जुन्याच्या एक तृतीयांश होती. पाच मिनिटांत निकाल लागला. जुना बास दाट, गोल, खोल वाजला, नवा खणखणीत आणि कोरडा. लेखकाने मनात त्या फरकाला "पन्नास वर्षांचे लाकूड" असे नाव दिले. प्रत्यक्षात त्याने तारांची, उंचीची आणि ॲम्पची तुलना केली होती. दोन बासांची तुलना त्या दुकानात झालीच नाही.

जुन्या आणि नव्याचा हा वाद कळायला थोडा इतिहास लागतो. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन येथे 1951 मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला. फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून हे नाव. आज ओळखीचा असलेला दोन तुकड्यांचा पिकअप 1957 मध्ये आला. 1960 मध्ये दोन पिकअपांचा, वर निमुळता होत जाणाऱ्या नेकचा जॅझ बास आला. त्याची नटपाशी, म्हणजे नेकच्या डोक्याकडच्या टोकाला, रुंदी दीड इंच, प्रिसिजनची पावणेदोन. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलरना कंपनी घेतली, आणि संग्राहकांनी तिथेच रेघ ओढली. आधीचे ते "प्री-सीबीएस" म्हणून सोन्याच्या भावाचे, नंतरचे दुय्यम.

ही रेघ वाजवणाऱ्यांनी मात्र कधी फारशी मानली नाही. मार्कस मिलर यांचा आवाज ज्या बासवर घडला तो 1977 चा जॅझ बास, म्हणजे ऐन सीबीएस काळातला, आणि त्यातही वाद्यकारागीर रॉजर सॅडोस्की यांनी फेरफार केलेला. गेडी ली यांनी मिशिगनमधल्या कॅलामाझू गावी एका गहाणवटीच्या दुकानातून 1972 चा जॅझ बास साधारण दोनशे डॉलरला घेतला. पुढे फेंडरने त्यावरूनच त्यांच्या नावाचा बास काढला. जाको पास्टोरियस यांनी तर 1962 च्या जॅझ बासचे फ्रेट काढले, खाचा बुजवल्या आणि फिंगरबोर्डवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवले. आजच्या संग्राहकाच्या दृष्टीने ही वाद्याची हत्या ठरली असती. बासच्या इतिहासातला सर्वात ओळखीचा आवाज त्या हत्येतून जन्मला.

रीइश्यूचा जन्म 1982 चा. तोवर सीबीएसच्या काळातल्या ढिल्या कामाला वादक कंटाळले होते आणि जुन्या बासांचे भाव चढू लागले होते. कंपनीने जुने नमुने मिळवून मोजमापे घेतली आणि 1957 व 1962 चे प्रिसिजन आणि 1962 चा जॅझ पुन्हा बनवायला घेतले. त्याच वर्षी फेंडर जपान सुरू झाली. मात्सुमोतो येथील फुजिजेन कारखान्यात तयार झालेल्या आणि क्रमांक "जेव्ही" अक्षरांनी सुरू होणाऱ्या त्या बासांचे काम इतके बारीक होते, की आज चाळीस वर्षांनी त्यांचाच स्वतंत्र जुना बाजार उभा आहे. कालचा रीइश्यू आज "व्हिंटेज" म्हणून विकला जातो, हे घेणाऱ्याने भाव ऐकताना ध्यानात ठेवावे. 1985 मध्ये कंपनी सीबीएसच्या हातून सुटली, काम कॅलिफोर्नियातल्याच कोरोना शहरात गेले, 1987 मध्ये कस्टम शॉप उघडले आणि 1995 पासून "रेलिक" नावाने मुद्दाम झिजवलेली वाद्ये येऊ लागली. 2012 आणि 2022 मध्ये जुन्या मापांच्या मालिका नव्याने निघाल्या.

रीइश्यूबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. साठच्या दशकातले नेक शेवटी हाताने घासले जात. एकाच महिन्यातले दोन नेक जाडीला सारखे नसत. त्यामुळे "1963 चा रीइश्यू" ही 1963 या वर्षाची नक्कल नसते, त्या वर्षातल्या निवडलेल्या नमुन्याची असते. हातात आलेला रीइश्यू जाड वाटला म्हणून "जुने असेच होते" किंवा "नव्यांना जमले नाही" असा निष्कर्ष काढणे दोन्हीकडून चुकते. पिकअपांचेही तेच. वेढे हाताने सांभाळत गुंडाळले जात, पॉट 250 किलोओमचे म्हणून घेतलेले असले तरी वीस टक्के कमीजास्त असायचे, आणि 200 किलोओमचा पॉट 300 च्या पॉटपेक्षा बोथट ऐकू येतो. दोन जुन्या बासांत जेवढा फरक असू शकतो, तेवढा कित्येकदा एका जुन्यात आणि एका नव्यात नसतो.

तळघरातल्या त्या दिवसानंतर लेखकाने मंडळातल्याच एकाचा रीइश्यू आठवडाभर मागून घेतला. दोन्ही बासांवर एकाच प्रकारच्या, एकाच जाडीच्या नव्या फ्लॅटवाउंड तारा चढवल्या. सतराव्या फ्रेटवर ई तार 2.4 मिलिमीटर आणि जी तार 2 मिलिमीटर अशी सारखी उंची बसवली. ॲम्प बाजूला ठेवून दोन्ही थेट रेकॉर्डरला जोडले आणि आवाजाची पातळी मीटरवर जुळवली. ही शेवटची पायरी फार लोक गाळतात. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगला आवाज वाटतो, आणि अर्धी तुलना तिथेच बिघडते.

वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवणारा मित्र तुकडे उलटसुलट लावायला बसला. "पाठ करून बस रे, आणि नुसतं एक की दोन लिही. विचार करू नकोस," तो म्हणाला. वीस तुकड्यांपैकी अकरा बरोबर आले. नाणे उडवून लिहिले असते तरी एवढेच आले असते.

पुढचा भाग त्याहून शिकवणारा ठरला. ऐकून ओळखता आले नव्हते, पण डोळे मिटून बास हातात दिला की दर वेळी ओळखता आला. जुन्या नेकच्या कडा अर्धशतकाच्या तळहातांनी गोल झाल्या होत्या. मागचे लॅकर झिजून लाकूड उघडे पडले होते आणि अंगठा अडखळत नव्हता. रीइश्यूच्या नेकवर चकचकीत थर होता, घामाच्या हाताला चिकटणारा, आणि फ्रेटची टोके बोटाला लागत होती. म्हणजे जुन्याची जादू खोटी नव्हती. ती स्पर्शात होती, आणि आठ वर्षांची शिल्लक आवाजाच्या नावाने खर्च झाली होती.

स्पर्श विकत घेण्याचे स्वस्त मार्ग आहेत. चांगला कारागीर दोन-तीन तासांत नव्या नेकच्या कडा गोल करून देतो, फ्रेटची टोके घासून देतो, मागचा चकचकीतपणा बारीक घासणीने काढून देतो. लेखकाने 2015 मध्ये वापरलेला एक रीइश्यू घेऊन हे सगळे करून घेतले. नव्या नेकमध्ये बोटाला खुपणाऱ्या नव्वद टक्के गोष्टी त्या एका दुपारी गेल्या.

असे प्रयोग घरगुती असतात, त्यावरून मोठे सिद्धांत मांडू नयेत. पण व्हायोलिनच्या जगात हेच काम शास्त्रीय पद्धतीने झाले आहे. ध्वनिशास्त्राच्या संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन बनवणारे जोसेफ कर्टिन यांनी 2010 मध्ये इंडियानापोलिस येथे 21 वादकांना मंद उजेडात, वेल्डरचे काळे चष्मे घालून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी, दोन स्ट्रॅडिव्हेरियसची आणि एक ग्वार्नेरीचे. जुन्या लाकडाच्या वासाने ओळख पटू नये म्हणून हनुवटीच्या टेकणीला सुगंध लावला होता. बहुतेकांनी घरी न्यायला नवे व्हायोलिन निवडले आणि सर्वात नावडते ठरले ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. व्हायोलिनमध्ये लाकूडच बोलते. भरीव बॉडीच्या बासमध्ये तारांचे कंपन पिकअप उचलतो, तिथे लाकडाच्या वयाचा वाटा त्याहून लहान असणार, हे मानायला जड जाऊ नये.

मग जुना आवाज येतो कुठून? जेम्स जेमरसन यांचे उदाहरण सर्वात बोलके आहे. डेट्रॉइटमध्ये मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ते 1962 चा प्रिसिजन वाजवत. त्यावर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या, त्या ते बदलत नसत. तारा फ्रेटपासून इतक्या उंच की दुसऱ्या कुणाला दाबणे कठीण जावे. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा, उजव्या हाताची एकच तर्जनी, आणि बहुधा सरळ मिक्सिंगच्या टेबलात जोडणी. या यादीत 1962 हा एकच घटक आहे. तो वगळून बाकी सगळे कुठल्याही चांगल्या रीइश्यूवर करता येते. तो ठेवून बाकी वगळले, तर काहीच हाती लागत नाही. याच्या उलट टोकाला रॉकमधले बासवादक जॉन एन्टविसल. त्यांच्या मागणीवरून रोटोसाउंडने 1966 मध्ये बासच्या राउंडवाउंड तारा घडवल्या आणि रॉकमधला तो पियानोसारखा कणखर आवाज तारांमधून आला. नवा बास घ्यायला निघालेल्याने आधी तारांचा एक वेगळा संच आणून आपल्याच बासवर चढवून पाहावा. निदान तुलनेचे गणित त्यातून स्वच्छ होते.

एवढे सगळे कळूनही कुणाला जुनाच बास हवा असेल, तर ती हौस अगदी रास्त आहे. त्या वस्तूचा इतिहास हातात धरण्याचे समाधान वेगळे असते आणि लेखक त्याला कमी लेखत नाही. पण मग घेण्याची रीत पाळावी.

पैसे मोजण्याआधी नेक काढून पाहण्याची परवानगी मागावी. प्रामाणिक विक्रेता नाही म्हणत नाही, आणि म्हणालाच तर तिथून निघावे. टाचेवर शिक्का असतो. 1962 पर्यंत बहुधा पेन्सिलीने तारीख, नंतर शिक्क्यात महिना, वर्ष आणि शेवटी नटच्या रुंदीचे अक्षर. ए म्हणजे दीड इंच, सी म्हणजे पावणेदोन. साठच्या दशकातल्या प्रिसिजनच्या टाचेवर ए दिसले, तर प्रश्न विचारावा. पॉटवरचे आकडे वाचावेत. पहिले तीन बनवणाऱ्याचे, 137 सीटीएस, 304 स्टॅकपोल, आणि सात आकडी क्रमांकात पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. पॉट बासपेक्षा थोडा जुना असणे ठीक. 1966 चे पॉट फेंडरने एकगठ्ठा घेतले होते आणि ते पुढची दोन-तीन वर्षे वापरात होते. पॉट बासपेक्षा नवा असेल, तर तो बदललेला आहे. डाखणीचे टाके चमकत असतील तरीही संशय घ्यावा.

रंगासाठी अतिनील दिव्याची छोटी बॅटरी न्यावी. जुने नायट्रो लॅकर त्या प्रकाशात हिरवट-पिवळे उजळते, नंतरचे लेप काळे ठिपके होऊन उठून दिसतात. पिकगार्डखालची खिळ्यांची भोके पाहावीत. ती कशी पाहायची हे सुरुवातीलाच सांगितले आहे.

हे झाले कागदी मूळपणाचे. वाजवण्यासाठी त्याहून महत्त्वाच्या दोन तपासण्या आहेत आणि त्या नव्या बासलाही तितक्याच लागू आहेत. पहिली ट्रस रॉडची. जुन्या पद्धतीच्या नेकमध्ये त्याचा नट टाचेला असतो, म्हणून नेक निघालेला असतानाच तो थोडा सैल करून पुन्हा आवळून पाहावा. दोन्ही बाजूंना फिरायला जागा हवी. दुसरी तपासणी जी तारेची. पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एकेक स्वर दाबून शेवटपर्यंत ऐकावा. फेंडर घडणीच्या बासांत तिथे कुठेतरी एखादा स्वर लवकर मरतो, कारण त्या कंपनसंख्येला नेकच थरथरून तारेची ऊर्जा खाऊन टाकतो. याचा वयाशी संबंध नाही. थोडे सगळ्यांत असते. मात्र स्वर धरताच विझत असेल, तर तो बास सोडून द्यावा, मग तो कितीही जुना असो.

आणि पावती. लेखकाच्या पावतीवर "वापरलेली बास गिटार, एक नग" एवढेच होते. तोंडी दिलेल्या "सगळे मूळचे" ला कागदावर जागा नव्हती, म्हणून परतीचा हक्कही नव्हता. रंग, फ्रेट, पिकअप, पॉट, ट्युनर, प्रत्येकापुढे मूळ की बदललेले हे लिहून मागावे. लिहायला जो विक्रेता कचरतो, त्याचे कचरणेच उत्तर असते.

भारतात वाद्य आणू पाहणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. साधारण 1966 पर्यंतच्या फेंडरचे गडद फिंगरबोर्ड ब्राझिली शिसवीचे आहेत. ती 1992 पासून धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. नंतर फेंडरने आपल्याकडची शिसव वापरायला सुरुवात केली. 2017 मध्ये शिसवीच्या सगळ्याच जातींवर बंधने आली होती. तयार वाद्यांना 2019 च्या नोव्हेंबरपासून सूट मिळाली, पण ब्राझिली शिसव त्या सुटीत नाही. परवान्याशिवाय असा बास सीमेपार नेणे म्हणजे तो जप्त होण्याची तयारी ठेवणे. म्हणून लेखकाने 2015 च्या पावसाळ्यात दादरला येताना रीइश्यूच आणला. जुलैच्या दमटपणात आठवड्याभरात नेक हलला आणि तारांची उंची बदलली. जुन्याची नक्कल इतकी इमानदार, की ट्रस रॉडचा नट इथेही टाचेलाच. तो फिरवायला आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा चार स्क्रू काढावे लागले. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्याने नट डोक्याकडे असलेला बास घेतला, तर हे काम पाच मिनिटांचे होते.

तळघरातला तो 1964 चा बास 2016 मध्ये विकला. जाहिरातीत रंग दुसऱ्यांदा मारलेला, पॉट 1978 चा, फिंगरबोर्ड घासलेला, ट्रस रॉड संपलेला, असे फोटोंसह लिहिले आणि किंमत मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडी कमी ठेवली. घ्यायला आला तो चर्चमध्ये दर रविवारी वाजवणारा एक उतारवयाचा वादक. त्याने नेकवर बराच वेळ नुसता तळहात फिरवला, जी तारेवर पाचवा, सहावा, सातवा स्वर ऐकला, आणि मग जाहिरातीत सगळे लिहिलेले असूनही स्क्रूड्रायव्हर मागितला.